सीमाभागात जुनी सेडान घेताना: आधी पासिंग, मग गाडी

२०१९ च्या ऑगस्टात पंचगंगा, दूधगंगा, वेदगंगा सगळ्याच नद्या पात्र सोडून बाहेर आल्या, त्या वर्षीची गोष्ट. दिवाळी उरकल्यावर आमच्या मावसभावानं पावणेचार लाखांना एक पांढरी सेडान घेतली. गाडी आरशासारखी चकचकीत, सीट कव्हर कोरी, आत अत्तराचा वास. महिन्याभरानं मी ती चालवायला घेतली तेव्हा सीट बेल्ट अडकत अडकत बाहेर येत होता. म्हणून पट्टा शेवटपर्यंत ओढला. एरवी कायम गुंडाळलेला राहतो त्या शेवटच्या वीतभर भागावर करड्या गाळाची आडवी रेघ होती, नखानं खरवडली की पावडर होऊन पडणारी. मग सीट मागं सरकवून बॅटरी मारली. सीटच्या रुळांवर तांबेरा चढलेला होता आणि कार्पेटखालचा फोम अजून ओलसर लागत होता. गाडी पुरात बुडालेली होती. पुढच्या दोन वर्षांत वायरिंगवरच त्याचे ७० हजारांच्या वर गेले. ते पैसे त्यानं चार वर्षं राबून साठवले होते, म्हणून ती रेघ माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

घरातली पहिली चारचाकी आणि तीही जुनी घेणाऱ्यांसाठी हे सगळं लिहितोय. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी या पट्ट्यात आपल्याला एक नव्हे, तीन राज्यांचा बाजार हाताशी असतो. कोल्हापूर-सांगलीच्या गाड्या, गोव्याच्या गाड्या आणि आपल्या केए पासिंगच्या, म्हणजे कर्नाटकात नोंदलेल्या. निवड भरपूर, पण फसायच्या जागाही तेवढ्याच.

आधी रोजचा रस्ता बघा

गाडी कुठली घ्यायची हे विचारण्याआधी ती रोज कुठं जाणार आहे ते कागदावर लिहा. हिंडलगा ते उद्यमबाग असं शहरातल्या शहरात जाणार असाल, तर रोजचे पंधरा-वीस किलोमीटर, तेही पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये. निपाणीहून रोज कोल्हापूर करणार असाल तर जाऊन-येऊन ऐंशी, सगळे हायवेचे. खानापूरच्या पश्चिमेला जांबोटी-कणकुंबीकडे घर असेल तर चार महिने पाऊस, शेवाळलेला रस्ता, घाट. आणि चिकोडी-अथणीकडचे असाल तर हंगामात उसाच्या ट्रॉल्यांनी पाडलेल्या चाकोऱ्या.

यावरून पेट्रोल की डिझेल हे ठरतं. रोज ५०-६० किलोमीटरच्या आत असाल तर माझं मत सरळ आहे, पेट्रोल घ्या. डिझेलचं ॲव्हरेज जास्त असलं तरी जुन्या डिझेलचे इंजेक्टर, टर्बो, क्लच यांतलं एक जरी काम निघालं तरी दोन वर्षांची इंधनाची बचत एका फटक्यात जाते. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-सहा डिझेल गाड्यांना सायलेन्सरच्या वाटेत काजळी अडवणारा फिल्टर असतो. तो साफ व्हायला इंजिन बराच वेळ गरम राहून गाडी सलग पळावी लागते. नुसत्या गल्लीतल्या फेऱ्यांनी तो तुंबतो आणि बदलायला फार महाग पडतो. रोज कोल्हापूर गाठणाऱ्यानं मात्र डिझेलचा विचार जरूर करावा.

‘डिझेल दहा वर्षांत बंद होणार’ ही भीती इकडं बरेच जण घालतात. दहा वर्षांचं डिझेल आणि पंधरा वर्षांचं पेट्रोल हा नियम दिल्ली आणि तिच्या भोवतालच्या राजधानी क्षेत्राचा आहे, आपल्याकडचा नाही. आपल्याकडे खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षं चालते, नंतर तपासणी करून पाच-पाच वर्षांनी वाढवता येते. एप्रिल २०२२ पासून या नूतनीकरणाची केंद्राची फी कारला ५,००० रुपये झाली आहे. म्हणून १३-१४ वर्षांची गाडी घेताना हा खर्च किमतीतून वजा करून बोला. त्या दिल्लीच्या नियमामुळेच तिकडच्या गाड्या दक्षिणेत स्वस्तात येतात. त्यातली एखादी चांगली असेलही. पण तिचा पूर्वीचा मालक, तिचं गॅरेज, तिचा इतिहास यांतलं काहीच तुम्हाला जाऊन बघता येणार नाही. पहिल्या गाडीला हा धोका पत्करू नका.

सीएनजी किट बसवलेली सेडान स्वस्त चालते हे खरं. पण सिलिंडरनं डिकी जाते, आणि सेडान आपण निम्मी डिकीसाठीच घेतो. किट आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या कागदावर, चढवलेलं नसेल तर गाडी सोडा. अपघातात विमा कंपनी पहिलं बोट तिथंच ठेवते.

मग पाटी

आपल्या भागात हा सगळ्यात मोठा मुद्दा आहे, म्हणून जरा सविस्तर.

केए २२ बेळगाव, केए २३ चिकोडी, केए २४ बैलहोंगल, केए ४९ गोकाक. या आपल्या जिल्ह्यातल्या पाट्या. यांतली गाडी घेतली तर काम सोपं. कर आयुष्यभराचा एकदाच भरलेला असतो, तुम्ही फक्त नाव बदलून घ्यायचं. एमएच ०९ म्हणजे कोल्हापूर, एमएच १० सांगली, एमएच ०७ सिंधुदुर्ग. यांतली तीच गाडी, तेच साल, तेच किलोमीटर, पण बरेचदा स्वस्तात सांगतात. का, ते समजून घ्या.

मोटार वाहन कायद्याच्या ४७ व्या कलमानुसार दुसऱ्या राज्यात नोंदलेली गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त काळ आपल्या राज्यात ठेवली, तर इथला नवा नंबर घ्यावा लागतो. नवा नंबर घ्यायचा म्हणजे कर्नाटकाचा आयुष्यभराचा कर भरायचा. तो गाडीच्या मूळ किमतीवर टक्क्यानं बसतो, गाडीच्या वयानुसार कमी होत जातो, आणि कर्नाटकाचे दर देशात चढ्यांपैकी आहेत. चार-पाच वर्षांची गाडी असेल तर कोल्हापुरात वाचवलेले पैसे इथं आरटीओच्या खिडकीवर जातात, वर आणखी पदरचे घालावे लागतात. महाराष्ट्रात भरलेल्या कराचा उरलेल्या वर्षांचा परतावा मागता येतो. पण तो तिकडच्या आरटीओकडे, नवी नोंदणी झाल्याच्या पुराव्यासकट, आणि तेवढ्या चकरा मारायची तयारी असेल तर. व्यवहार करताना हा परतावा हिशोबात धरू नका. मिळाला तर मिळाला.

यावर इकडं एक पळवाट सर्रास सांगतात, ‘महाराष्ट्रातल्या, चंदगडच्या पाहुण्याच्या नावावर ठेवा.’ कृपा करून ठेवू नका. गाडी ज्याच्या नावावर, तो कायद्यानं मालक. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयानंही हेच सांगितलं, की गाडी विकली असली तरी आरटीओच्या दप्तरात ज्याचं नाव तोच अपघाताच्या भरपाईला जबाबदार. उद्या तुमच्या हातून काही झालं तर नोटीस त्या बिचाऱ्या पाहुण्याच्या दारात जाणार. त्याचं काही बरंवाईट झालं तर गाडी त्याच्या वारसांची. चांगली नाती अशा गाडीपायी तुटलेली मी पाहिली आहेत.

एमएच पाटीचं आपल्या मराठी मनाला अप्रूप वाटतं, हे मलाही ठाऊक आहे. पण सीमाप्रश्न तापला की पहिला राग पाटीवर निघतो. डिसेंबर २०२२ मध्ये हिरेबागेवाडी टोलजवळ महाराष्ट्राच्या गाड्यांवर दगडफेक झाली, आणि पुण्यात कर्नाटकाच्या बसना काळं फासलं गेलं. रोज पोरांना शाळेत सोडायची गाडी आहे. ज्या गावात राहता तिथलीच पाटी असावी.

गोव्याच्या गाड्यांचं वेगळं. तिकडं कर कमी, म्हणून गाडी मुळातच स्वस्त पडलेली असते. इथं आणल्यावर कर भरायचा तो भरावाच लागतो. शिवाय खाऱ्या हवेनं गाडी खालून खाल्लेली असते. दरवाज्यांच्या खालच्या कडा, डिकीचा तळ, सायलेन्सरचे क्लॅम्प तिथं हटकून बघा. कोकणातल्या गाडीलाही हेच लागू.

कुठल्या गाड्या बघाव्यात

साधारण चार ते सहा लाखांच्या आत रोजच्या वापराला मी ज्या गाड्या सुचवतो, त्या अशा.

डिझायर सगळ्यांना माहीत आहे. २०१७ साली आलेली तिसरी पिढी हलकी, ॲव्हरेजला चांगली, आणि तिचा पार्ट खानापुरातही त्याच दिवशी मिळतो. गाडी खालून १६३ मिलिमीटरच उंच आहे, त्यामुळे चार माणसं बसवून गावच्या गतिरोधकावर ती घासते. डिकी ३७८ लिटर. जुन्या डिझायर डिझेलमधलं १.३ लिटरचं इंजिन हे मूळ फियाटचं, दणकट. मारुतीनं २०२० मध्ये डिझेलच बंद केलं, तरी ते इंजिन इतक्या गाड्यांत बसलंय की मेस्त्री आणि पार्ट दोन्हीची वाण नाही.

होंडा अमेझ, २०१८ नंतरची, माझी स्वतःची आवडती. १७० मिलिमीटर उंची, ४२० लिटरची डिकी, मागं म्हाताऱ्या माणसांना बसायला ऐसपैस. टोयोटा इटिऑस दिसायला साधी, २०२० मध्ये बंद झाली, पण इंजिन-गिअरबॉक्सला मरण नाही. फक्त तिच्यातल्या खूप गाड्या टॅक्सीत राबलेल्या असतात. टाटा टिगोर पत्र्याला भक्कम, २०२० साली ग्लोबल एनकॅपच्या अपघात-चाचणीत तिला चार तारे मिळाले होते. ह्युंदाई एक्सेंट शहरात चालवायला सगळ्यात सुटसुटीत, २०२० मध्ये तिच्या जागी ऑरा आली. जरा मोठी हवी असेल तर सियाझ पेट्रोल किंवा होंडा सिटी पेट्रोल. वय जास्त मिळेल, पण गाडी वरच्या वर्गातली मिळेल.

फोक्सवॅगनची व्हेंटो आणि स्कोडाची रॅपिड हायवेला फार सुंदर पळतात. चालवून बघाल तर मन भरेल. पण ऑटोमॅटिक डीएसजी गिअरबॉक्सचं काम निघालं तर खर्च गाडीच्या किमतीच्या मानानं जबर असतो. पहिल्या गाडीला मॅन्युअलच बघा. डिझेल असेल तर टायमिंग बेल्ट केव्हा बदलला त्याचं बिल मागा. फोर्डनं २०२१ मध्ये आणि शेवरोलेनं २०१७ अखेर इथला धंदा गुंडाळला. फोर्डची ॲस्पायर गाडी म्हणून उत्तम आहे, पण बॉडीच्या पार्टसाठी पुण्या-बेंगळुरूला फोन लावायची तयारी ठेवा.

सुरक्षेसाठी साल पाहिलं तर एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) एप्रिल २०१९ पासून आणि चालकाची एअरबॅग जुलै २०१९ पासून सक्तीची झाली. त्याआधीच्या बऱ्याच गाड्यांत वरचं मॉडेल असेल तरच हे दोन्ही मिळतं. अंधारात, पावसात, उसाच्या ट्रॉलीमागून गाडी चालवणाऱ्यानं एबीएस नसलेली गाडी घेऊ नये असं मला मनापासून वाटतं.

किमतीचं एक ध्यानात ठेवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या छोट्या गाड्यांचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला आणि नव्या गाड्यांच्या किमती उतरल्या. जुन्या गाडीचा भाव सांगणारा बरेचदा आधीची नवी किंमत डोक्यात धरून बोलतो. शोरूममध्ये आजची नवी किंमत विचारून या आणि मगच बोलणी करा.

मोबाइलवरची तपासणी, जाण्याआधी

गाडीचा नंबर मागून घ्या. नंबर द्यायला जो खळखळ करतो त्याच्याकडे जाऊच नका. सरकारच्या एमपरिवहन ॲपवर नंबर टाकला की नोंदणीची तारीख, कितवा मालक, इंधन, विमा आणि पीयूसी कधीपर्यंत, कुणाचं कर्ज चढलेलं आहे का, हे दिसतं. ‘फर्स्ट ओनर’ म्हणून सांगितलेली गाडी तिथं तिसऱ्या मालकाची निघते, हे नेहमीचं आहे. दंडाची चलनं वेगळी तपासा. थकलेली चलनं नाव बदलताना आडवी येतात.

मॉडेलच्या रकान्यात ‘टूर’ किंवा ‘प्राइम’ असं दिसलं तर गाडी यलो बोर्डची होती हे समजा. टॅक्सीतून पांढऱ्या पाटीवर आणणं कायदेशीर आहे, पण मग भाव टॅक्सीचा द्यायचा, घरच्या गाडीचा नाही. प्रत्यक्ष बघताना नंबर प्लेटच्या स्क्रूच्या आत पिवळा रंग, स्पीड गव्हर्नरच्या तुटक्या वायरी, मागच्या सीटचा बसून गेलेला फोम या खुणा शोधा.

विम्याची चालू पॉलिसी फोटो काढून पाठवायला सांगा. तीत ‘नो क्लेम बोनस’ असा एक आकडा असतो. दरवर्षी क्लेम न घेता तो २०, २५, ३५, ४५ आणि शेवटी ५० टक्क्यांवर जातो. सहा वर्षांची, ‘एकदाही ठोकर नाही’ म्हणणाऱ्याची गाडी आणि बोनस शून्य, याचा अर्थ शेवटच्या वर्षात क्लेम घेतलाय, मध्ये विमाच तुटलाय किंवा गाडीचा मालक नुकताच बदललाय. यांतलं कुठलं, ते विचारा. मला हा एक आकडा विक्रेत्याच्या तासाभराच्या बोलण्यापेक्षा जास्त सांगतो.

सकाळी सात वाजता जा

गाडी थंड असताना बघायची. आदल्या संध्याकाळी सांगून ठेवा, ‘मी यायच्या आधी चालू करू नका.’ पोचल्यावर पहिल्यांदा बॉनेटवर हात ठेवा. कोमट लागलं तर काहीतरी लपवण्यासाठी आधी चालू करून ठेवलीय असं समजून जास्त बारकाईनं बघा.

उजेड पूर्ण पडलेला हवा आणि गाडी धुऊन ओली नको. ओल्या पत्र्यावर दुसऱ्यांदा मारलेला रंग दिसत नाही. बाजूनं उकिडवे बसून पुढून मागं नजर फिरवा. टिंकरिंग झालेल्या जागी उजेडाची रेघ वाकडी होते. बॉनेट, दरवाजे, डिकी यांच्यातल्या फटी दोन्ही बाजूंना सारख्या आहेत का बघा. बॉनेटच्या नट-बोल्टवर पान्याचे ओरखडे असतील तर ते एकदा तरी उघडलंय. दरवाज्याचं रबर हातानं खाली ओढा, ते सहज निघतं आणि परत बसतं. आत पत्र्याच्या जोडावर कंपनीचे गोल ठिपके ओळीनं दिसायला हवेत. ठिपक्यांच्या जागी पुट्टी किंवा ओबडधोबड वेल्डिंग दिसलं तर त्या बाजूनं मोठा अपघात झालेला आहे. पुढच्या चाकांच्या वरचा अ‍ॅप्रन आणि डिकीतला स्टेपनीखालचा तळ हेही असेच बघायचे. बंपर बदललेला चालतो, एखादा दरवाजा रंगवलेला चालतो. अ‍ॅप्रन किंवा पिलर (छताला धरणारा खांब) कापून जोडलेली गाडी कितीही स्वस्त असली तरी नको.

काचांवर कंपनीचा शिक्का आणि सालाची खूण असते. पाच काचा २०१७ च्या आणि एक २०२१ ची असेल तर विचारा. टायरच्या भिंतीवर चार आकडे असतात. ‘२३१९’ म्हणजे २०१९ च्या २३ व्या आठवड्यातला टायर. टायर गाडीपेक्षा बरेच नवे निघाले, तर ३० हजार पळालेल्या गाडीला टायरचा दुसरा संच कसा, हे विचारा. टायर गोटा झालेले असतील तर चारांचा खर्च किमतीतून कापा. एकाच कडेनं झिजले असतील तर अलाइनमेंट किंवा लोअर आर्मची भानगड आहे.

आणि मग पूर. २०१९ नंतर २०२१ च्या जुलैतही निपाणीजवळ यमगर्णीला हायवे पाण्याखाली गेला होता. त्या गाड्या कुठं तरी गेल्याच असणार. विमा कंपनी टोटल लॉस, म्हणजे दुरुस्त करणं परवडत नाही अशी ठरवलेली गाडी लिलावात विकते, ती धुऊनपुसून पुन्हा बाजारात येते. म्हणून चारही सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढा. सीटखालचे रूळ, डॅशबोर्डच्या खालचे लोखंडी पट्टे, फ्यूज बॉक्सच्या कोपऱ्यातला गाळ, हेडलाइटच्या आत धरलेलं धुकं, स्टेपनीच्या खळग्यातली माती. सगळ्या काचा बंद करून एसी न लावता पाच मिनिटं आत बसा. कुबट वास अत्तरानं पाच मिनिटांपेक्षा जास्त झाकत नाही.

आता बॉनेट उघडा. ऑइलच्या झाकणाखाली ताकासारखा पांढरट फेस असेल, किंवा कूलंटच्या टाकीत तेलाचा तवंग असेल, तर हेड गॅस्केटचं काम आहे, परत फिरा. मग चालू करा. एका अर्ध्या सेल्फवर गाडी लागायला हवी. मागं माणूस उभा करून धूर बघायला लावा. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय, काळा म्हणजे डिझेल पूर्ण जळत नाही, पांढरा आणि गोडसर वासाचा, थांबतच नाही असा, तर कूलंट जळतंय. थंडीत पहिली मिनिटभर थोडी पांढरी वाफ निघते, तिला घाबरू नका. डिझेल गाडीत इंजिन चालू असताना ऑइलचं झाकण उघडून उलटं ठेवा. फक फक करत धूर उसळत असेल, झाकण उडत असेल, तर बॅक कॉम्प्रेशन आहे, म्हणजे सिलिंडरमधला दाब पिस्टनच्या कडेनं खाली निसटतोय. त्या इंजिनाचे दिवस भरत आलेत.

मीटरवर मी शेवटी बघतो. मीटर मागं फिरवणं आज लॅपटॉपवर होतं, त्यामुळे त्या आकड्याला स्वतःची किंमत नाही. क्लचच्या पेडलचं रबर, स्टिअरिंगची चकाकी, गिअरच्या मुठीवरचे पुसट झालेले आकडे, ड्रायव्हरच्या सीटची बाहेरची कड हे सगळं त्या आकड्याशी जुळतंय का, एवढं बघा. खरा पुरावा म्हणजे कंपनीच्या सर्व्हिस सेंटरची नोंद. मालकाला सोबत घेऊन तिथं जा आणि आधीच्या सर्व्हिसचे किलोमीटर विचारा.

चालवून बघताना घाट हवाच

गल्लीत एक फेरी मारून गाडी कळत नाही. बेळगावचे असाल तर हायवेनं वंटमुरी घाटापर्यंत जा, निपाणीचे असाल तर तवंदी घाट आहेच. चढावर तिसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबा. इंजिनचा आवाज वाढला आणि गाडी मात्र तेवढी ओढत नाही, तर क्लच घसरतोय. वर पोचेपर्यंत तापमानाचा काटा मधेच राहायला हवा, एसी चालू असताना सुद्धा. उतारावर पाय काढल्यावर गिअर स्वतःहून सुटतो का बघा. मोकळ्या सरळ रस्त्यावर ब्रेक दाबताना स्टिअरिंग थरथरलं तर डिस्क वाकड्या आहेत, गाडी एका बाजूला ओढली तर कॅलिपर किंवा अलाइनमेंट.

नंतर एखाद्या खराब रस्त्यावर काचा खाली करून, गाणी बंद करून सावकाश चालवा. खडखड म्हणजे लिंक रॉड किंवा बुश, तो खर्च किरकोळ. स्टिअरिंग पूर्ण वळवून वर्तुळात चालवताना कट-कट आवाज आला तर ड्राइव्ह शाफ्टचा जॉइंट, तो जरा जास्त. हे दोष आहेत म्हणून गाडी नाकारायची असं नाही. त्यांची यादी करून भाव कमी करायचा.

एवढं झाल्यावर आवडली तर स्वतःच्या मेस्त्रीला घेऊन जा. कन्सल्टंटनं, म्हणजे जुन्या गाड्यांच्या दलालानं, सुचवलेला मेस्त्री नको. रॅम्पवर चढवून खालून बघायला लावा, स्कॅनर जोडून इंजिनचे आणि एअरबॅगचे कोड बघायला सांगा. एअरबॅग उडालेल्या गाडीत दिव्याची वायर तोडून टाकलेली असते. चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा क्षणभर लागून विझायला हवा. लागलाच नाही तर काहीतरी काढून टाकलंय. मेस्त्रीच्या अर्ध्या दिवसाची हजेरी घासाघीस न करता द्या.

इसार आणि कागद

इसार थोडाच द्या, पाच-दहा हजार, तोही खात्यावरून, आणि साध्या कागदावर का होईना, लिहून घ्या: गाडीचा नंबर, ठरलेली किंमत, चलनं कुणी भरायची, कागद जुळले नाहीत तर इसार परत.

कागदांत मूळ आरसी हातात घेऊन चेसिस नंबर गाडीवरच्या नंबराशी एकेक आकडा लावून बघा. कर्ज होतं तर बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ हवाच, म्हणजे आरसीवरची एचपी, म्हणजे कर्जाची नोंद, उतरवता येते. आपल्याकडे सोसायट्या आणि पतसंस्थांची कर्जंही खूप. कधी कधी ते कर्ज आरसीवर चढवलेलं नसतं, नुसती मूळ आरसी संस्थेच्या कपाटात असते. म्हणून ‘आरसी घरी शोधतो, झेरॉक्स घ्या’ म्हणणाऱ्याला मूळ आरसी दिसेपर्यंत एक रुपया देऊ नका.

नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३०, म्हणजे आपण ज्याला टीटी फॉर्म म्हणतो ते. आरसीवर ज्याचं नाव त्याचीच सही हवी. बाजारात बऱ्याच गाड्या कोऱ्या टीटी फॉर्मवर तीन-तीन हात बदललेल्या असतात. मूळ मालक कुठं आहे ते कन्सल्टंटलाही सांगता येत नाही. मूळ मालकाशी फोनवर तरी बोला, जमलं तर भेटा. घेणाऱ्यानं ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. गाडी दुसऱ्या राज्यातली असेल तर तिकडच्या आरटीओची एनओसी (ना हरकत दाखला), फॉर्म २८, विकणाऱ्यानंच काढून द्यायची हे आधी ठरवा, आणि एनओसी हातात आल्यावरच मोठी रक्कम सोडा. आरटीओतले फलक आणि सूचना कन्नडमध्ये असतात. वाचता येत नसेल तर सोबत वाचणारं माणूस न्या. एजंट लावलात तरी सरकारी पावत्या स्वतःकडे मागून घ्या, त्यावर खरी फी छापलेली असते.

विमाही १४ दिवसांत तुमच्या नावावर व्हायला हवा. समोरच्या माणसाच्या नुकसानीचा विमा कायद्यानं तुमच्याकडे येतो, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम नाव न बदलल्यानं नाकारला जातो. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस त्याच्याकडेच राहतो, त्यामुळे हप्त्यात थोडा फरक भरावा लागेल.

गाडी दारात आल्यावर

किमतीच्या दहा-पंधरा टक्के रक्कम आधीच बाजूला ठेवलेली असावी. पहिल्या आठवड्यात इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर, कूलंट, ब्रेक ऑइल बदला, विकणारा ‘परवाच केलंय’ म्हणाला तरी. जुन्या गाडीच्या इंधनाच्या रबरी नळ्या तपासून घ्या. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल येतं आणि एप्रिल २०२३ च्या आधीच्या बऱ्याच गाड्या त्यासाठी बनवलेल्या नाहीत, कडक झालेली नळी लवकर तडकते. दुसरी चावी मागून घ्या. नसेल तर नवी करायचा खर्च आधीच कापलेला बरा.

आणि काचेवरचा जुना फास्टॅग त्याच दिवशी काढा. विकणाऱ्याला तो बंद करायला सांगा आणि तुमच्या नावाचा नवा लावा. नाहीतर तुम्ही कोगनोळी टोल ओलांडाल आणि पैसे कापल्याचा मेसेज त्याच्या फोनवर जाईल.